मोरेताईंनी नोकरी का सोडली

आधीची नोकरी का सोडलीत, या प्रश्नाची उत्तरं मी भरपूर ऐकली आहेत. किहीमच्या ज्या रिसॉर्टवर मी हिशेब बघायचो, तिथे माणूस घ्यायचा झाला की शेठ मुंबईहून यायचे, जेवणघरातल्या कोपऱ्यात टेबल लावून बसायचे आणि मला शेजारी बसवून घ्यायचे. "पाटील, तुम्ही इथले. तुम्हाला माणूस कळतो," म्हणायचे. मला माणूस कळतो की नाही कोण जाणे, पण उत्तरं मात्र पाठ झाली होती. वेटर म्हणायचे, मॅनेजर बरोबर नव्हता. स्वयंपाकी म्हणायचे, तिथे कदर नव्हती. शिकलेली मुलं म्हणायची, प्रगतीसाठी. शेठ मान हलवायचे. खरं कुणीच सांगत नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक असायचं आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटायचं नाही.

मोरेताईंनी खरं सांगितलं.

साफसफाई आणि खोल्यांची देखरेख करायला, तिथेच राहणारी बाई हवी होती. त्या आल्या तेव्हा पन्नाशीच्या जवळपास असतील. उंच, पाठीत किंचित वाकलेल्या, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. कापडी पिशवी मांडीवर घेऊन ती दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या, जणू ती कुणी मागेल. नाव कुसुम मोरे. गाव तळा, याच जिल्ह्यातलं. वडील प्राथमिक शिक्षक होते. आई लहानपणीच गेलेली. लग्न केलं नाही. मुंबईत एका खासगी कंपनीच्या टपाल विभागात बरीच वर्षं काढलेली.

"एवढी वर्षं एका जागी काढलीत आणि एकदम सोडलीत?" शेठनी विचारलं. "का?"

"मला ताप आला होता," त्या म्हणाल्या. "चार-पाच दिवस खोलीवर पडून होते. फोन करायचंसुद्धा त्राण नव्हतं. बरं वाटल्यावर ऑफिसला गेले. वाटेत मनात जुळवत होते, कोण काय विचारेल, आपण काय सांगायचं. तर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, 'मोरे, काल लवकर गेलात का हो?'"

शेठ हसले. बाई हसल्या नाहीत, म्हणून मग तेही थांबले.

"मग?"

"मग काही नाही. दुपारी राजीनामा दिला."

"एवढ्यासाठी?"

"हो, एवढ्यासाठीच. हजेरीच्या मशीनला कळलं होतं, बरं का. पगार बरोबर कापला होता." मग त्या म्हणाल्या, "त्या बाई वाईट नव्हत्या. कधीकधी माझ्यासाठी घरून भाजी आणायच्या. त्यांचं काही चुकलं नाही. पण मी असले काय नि नसले काय, तिथून सारखंच दिसत होतं. हे कळल्यावर रोज जाऊन बसवेना."

त्या बाहेर गेल्यावर शेठनी त्यांचा अर्ज पुन्हा एकदा चाळला. मग म्हणाले, "बाई जरा वेगळी आहे. पण राहायला तयार आहे ना? घेऊन टाका."

स्वयंपाकघराच्या मागे, सामानाच्या खोलीला लागून त्यांना एक खोली मिळाली. खिडकी नारळाच्या वाडीत उघडायची. त्यांनी तिथे एक लोखंडी कॉट, एक ट्रंक आणि कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती ठेवली. वैशाखी पौर्णिमेला त्या आम्हा सगळ्यांसाठी खीर करायच्या आणि प्रत्येकाच्या हातात वाटी स्वतः नेऊन द्यायच्या. एरवी स्वतःचं जेवण मात्र सगळ्यांचं झाल्यावर, मागच्या पायरीवर बसून, एकट्या. "या ना आमच्यात," असं कुणी म्हटलं तर "तुमचं होऊ द्या" म्हणायच्या. माणसांजवळ असायचं, पण त्यांच्यात जाऊन बसायचं नाही, असं काहीतरी त्यांचं होतं. ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

सकाळी त्या सगळ्या आवारातून एक फेरी मारायच्या. माळी, खोल्या झाडणाऱ्या बायका, गेटवरचा वॉचमन, मी, प्रत्येकासमोर क्षणभर थांबायच्या आणि नावानं हाक मारून विचारायच्या, "आलात का?" समोरचा माणूस समोर उभा असताना या प्रश्नाला काय उत्तर देणार? मंडळी हसायची. स्वयंपाकघरात त्यांचं नावच 'आलातका ताई' पडलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि चालत होतं.

एखादं माणूस आलं नाही की त्या कावऱ्याबावऱ्या व्हायच्या. दुपारचं काम आटपलं की पायात चपला सरकवून थेट त्याच्या घरी. मी सांगून बघितलं, "ताई, एवढ्या उन्हात कशाला? फोन लावा की."

"फोनवर सगळेच बरे असतात, पाटील," त्या म्हणाल्या आणि निघाल्या.

एकदा सुरेखा आली नाही. सुरेखा शेजारच्या थळ गावची, खोल्या झाडायला यायची, वयानं तिशीची, जिभेनं तिखट. मोरेताई थळला तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, तर सुरेखा नवी साडी नेसून, केसांत गजरा माळून निघण्याच्या तयारीत. दुसऱ्या एका रिसॉर्टवर मुलाखतीला चालली होती. तापाचा निरोप तिनंच पाठवलेला. पुढचं तिनं मला नंतर स्वतःच सांगितलं.

"माझी अशी फजिती झाली, पाटीलभाऊ! मना वाटलं, आता ही बाई शेठला सांगणार. तर मना म्हणते कशी, 'सुरेखा, ते विचारतील आधीची नोकरी का सोडतेस. काय सांगशील?' मी म्हनलं, तिकडं पगार जास्ती हाय म्हनून. तर म्हणते, 'मग तेच सांग. उगाच आम्ही वाईट होतो असं सांगू नकोस.' आन् वर माझी साडी मागून सारखी करून दिली."

सुरेखाला ती नोकरी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली तेव्हा ताई तिच्यासमोर थांबल्या आणि नेहमीसारखंच म्हणाल्या, "आलीस का?" सुरेखा मला म्हणाली, त्या दिवशी तिला पहिल्यांदा त्याचं हसू आलं नाही.

पण ही विचारपूस सगळ्यांना मानवायची असं नाही. पावसाळ्यात आमच्याकडे एक वयस्कर गृहस्थ यायचे. एकटेच. टोकाचं कॉटेज घ्यायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. एका वर्षी ते सकाळी नाश्त्याला आले नाहीत, दुपारी जेवायलाही नाहीत. ताईंनी दार वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. मग मात्र त्यांनी आपल्याकडची चावी लावून दार उघडलं. मी छत्री धरून मागे उभा होतो.

गृहस्थ पलंगाच्या कडेला बसले होते. जागे, धडधाकट, हात मांडीवर ठेवून नुसते बसलेले. आम्हाला बघून ते असे भडकले की त्यांचा आवाज चिरकला. "कुणी विचारू नये म्हणून मी इथे येतो! तेवढ्यासाठी पैसे देतो मी! घरी काय कमी आहेत विचारणारे?"

"बरं साहेब," ताई म्हणाल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.

गृहस्थांनी शेठना फोन केला. शेठनी ताईंना फोनवर चांगलंच झापलं. संध्याकाळी त्या मागच्या पायरीवर बसल्या होत्या. ताटातला भात तसाच होता.

"मला वाटायचं, कुणी विचारत नाही हेच मोठं दुःख," त्या म्हणाल्या. "यांचं दुसरंच निघालं. त्यांना सोडत नाहीत माणसं, मला मिळत नाहीत. आणि दोघं एकाच आवारात."

नंतर स्वतःशीच हसल्या आणि भात कालवायला घेतला.

माझी सासुरवाडी तळ्याकडच्या इंदापूरजवळची. एका दिवाळीत आम्ही नवराबायको गाडीनं तिकडे निघालो होतो, तर ताई म्हणाल्या, "मला तळ्याला सोडाल का? भावाकडे दोन दिवस राहीन म्हणते." पिशवीत भाच्यांसाठी खाऊ होता, वाडीतले चिकू होते, वहिनीसाठी साडी. वाटेत त्या खूप बोलल्या. भाऊ धाकटा. आई गेल्यावर त्यांनीच त्याला कडेवर वाढवलेला. शाळेत जाताना तो यांची ओढणी धरल्याशिवाय चालायचा नाही.

भाऊ पंचायत समितीत नोकरीला. दुमजली घर, पुढे ओटा. आम्ही पोचलो तेव्हा तो ओट्यावर मोटारसायकल पुसत होता.

"अरे, आक्का! कधी आलीस?"

"ही काय आत्ताच."

"बरं झालं आलीस. कधी परत?"

हे दोन्ही प्रश्न त्यानं एकापाठोपाठ विचारले, पण त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं हेही मी पाहिलं. तो प्रसन्न माणूस होता. वहिनीनं पाणी आणलं, चहा टाकला. घरात तिच्या माहेरची माणसं आलेली, खोल्या भरलेल्या. भाऊ मोटारसायकल पुसता पुसता म्हणाला, "ऑफिसला किती दिवस सुट्टी दिवाळीची? मुंबईत आता गर्दी फार वाढली म्हणतात."

मी ताईंकडे पाहिलं. त्यांना किहीमला येऊन तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं.

"आहे थोडे दिवस," त्या म्हणाल्या.

चहा झाल्यावर त्यांनी पिशवी वहिनीकडे रिकामी केली. पोरांच्या तोंडावरून हात फिरवला. मग माझ्या बायकोकडे वळून, अगदी सहज म्हणाल्या, "तुम्ही परत जाताना मी येते तुमच्याबरोबर. रिसॉर्टवर सुट्टीची गर्दी असेल." आम्ही सासुरवाडीला मुक्कामाला चाललो होतो, पण बायकोला समजलं. "आज संध्याकाळीच परतायचंय आम्हाला," ती म्हणाली. संध्याकाळी आम्ही त्यांना घेऊन आलो. वहिनी ओट्यापर्यंत आली. "राहिला असतात," म्हणाली. भाऊ बाजारात गेला होता.

रोह्याच्या पुढे आल्यावर मी म्हटलं, "ताई, त्यांना सांगितलं नव्हतंत?"

"सांगणार होते," त्या बाहेर बघत म्हणाल्या. "त्यानं विचारलं असतं तर सांगितलंच असतं."

काही काळानं शेठनी रिसॉर्ट एका मोठ्या कंपनीला विकलं. कंपनीनं सांगितलं, जुन्या माणसांना घेऊ, पण प्रत्येकाची नव्यानं मुलाखत होईल. सगळे हादरले. मोरेताई तर फारच. आमची नोकरी जाणार होती, त्यांचं घर जाणार होतं.

सुरेखानं त्यांना स्वयंपाकघरात बसवून शिकवलं. "ताई, मुंबईची नोकरी का सोडली विचारलं, तर ती तापाची गोष्ट न्हाय सांगायची हां. ही शहरातली पोरं, त्यांना वाटंल बाई तडकाफडकी सोडून जाते. तुमी आपलं घरचं कारण सांगा. घरचं कारण सगळ्यांना चालतं."

"घरचं काय कारण सांगू?"

"काय पन सांगा. भाऊ हाय ना तुमाला?"

मुलाखती जेवणघरातच झाल्या, प्लायवूडचा आडोसा लावून. ताईंनंतर माझा नंबर, म्हणून मी आडोशाला लागूनच खुर्चीवर होतो. आत एक तरुण मुलगी होती, कंपनीची. आवाज गोड, वागणं नीट.

"मॅडम, मुंबईत तुम्ही खूप वर्षं होतात. मग तो जॉब का सोडलात?"

मग ताईंचा आवाज आला, आणि तो मी आधी कधी ऐकला नव्हता.

"माझा भाऊ आहे तळ्याला. तो दर रविवारी फोन करायचा. 'आक्का, आता पुरे झालं, किती दिवस एकटी राहशील? ये घरी.' मी म्हणायची, बघू. तर तो ऐकायचा नाही. एकदा मी आजारी पडले, फोन उचलला नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभा. रात्रीची गाडी पकडून आलेला. वहिनीनं डब्यात पेज दिली होती. मग त्याच्यानं बघवेना, माझ्यानं त्याचं मन मोडवेना. म्हणून सोडली."

मुलगी म्हणाली, "हाऊ स्वीट, मॅडम. असा भाऊ असायला नशीब लागतं."

"हो," ताई म्हणाल्या. "लागतं."

त्या बाहेर आल्या तेव्हा माझ्याकडे न बघता गेल्या. माझं नाव पुकारलं गेलं होतं आणि मला उठायचं भान नव्हतं.

मोरेताईंची निवड झाली. सुरेखाची झाली, माझीही. आम्ही स्वयंपाकघरात पेढे वाटले. दोन-चार दिवसांनी ती मुलगी पुन्हा आली आणि तिनं राहण्याच्या खोल्यांची व्यवस्था सांगितली. आता खोल्या कमी होणार होत्या, पाहुण्यांसाठी नवी कॉटेजेस बांधायची होती. ज्यांचं इथे कुणी नाही, लांबच्या राज्यांतून आलेली मुलं, त्यांनाच खोल्या. ताईंना ती अगदी आपुलकीनं म्हणाली, "मॅडम, तुमचं तर घरच आहे जिल्ह्यात. भाऊ किती खूश होतील! सुट्ट्या आपण ॲडजस्ट करू."

"हो, घर आहेच," मोरेताई म्हणाल्या.

मी त्यांना वाडीत गाठलं. "ताई, मी सांगतो तिला. तळ्याहून रोज येणं-जाणं कसं होईल? किहीममध्ये खोल्यांची भाडी तुम्हाला माहीत आहेत. मुलगी चांगली आहे, ऐकेल. खरं काय ते सांगूया."

"काय सांगाल, पाटील?" त्यांनी शांतपणे विचारलं. "की हिचा भाऊ हिला बोलावत नाही?"

त्यांनी वाटेत पडलेली झावळी उचलून कडेला ठेवली.

"तापाचं मी कुणालाही सांगेन. ते परक्या माणसांचं होतं. हे नाही सांगायचं. तुम्हीही नाही. मला शब्द द्या."

मी शब्द दिला. आज हे लिहितोय खरा, पण त्यांचं नाव आणि गाव इथे आहे तसं ठेवलेलं नाही, हे वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं.

सुरेखानं त्यांना हट्टानं आपल्या घरी नेलं. दोन खोल्यांचं घर, सासू, नवरा, पोरं. ताई ओटीवर झोपायच्या, पहाटे उठून सगळ्यांच्या आधी अंगण झाडायच्या. घरातल्यांनी त्यांचा राग केला नाही, उलट सासूला त्यांची सवय झाली होती. पण महिना भरायच्या आत एका सकाळी ताईंनी ट्रंक बांधली. "तुझ्या माणसांना पाय पसरायला जागा नाही, आणि ते मला जा म्हणणार नाहीत," एवढंच त्या सुरेखाला म्हणाल्या. कंपनीच्या मुलीला त्यांनी नोकरी सोडत असल्याचं सांगितलं. तिनं कारण विचारलं. सुरेखा तिथेच होती. ताईंनी सांगितलं, "भाऊ बोलावतोय."

त्यानंतर बरेच महिने काही कळलं नाही. फोन केला की म्हणायच्या, मी मजेत आहे. मग मागच्या दिवाळीत सासुरवाडीला गेलो असताना मी मुद्दाम एसटीनं तळ्याला गेलो. भावाच्या घरी विचारलं. तो म्हणाला, "आक्का ना? ती त्या मुलींच्या वसतिगृहात असते, गावाबाहेर. देखरेखीला. बाजाराच्या दिवशी दिसते कधी कधी."

वसतिगृह म्हणजे एक लांबट बैठी इमारत, पुढे लाल मातीचं मैदान, लोखंडी गेट. सुट्टी लागलेली, मुली घरोघर गेलेल्या. ताई मैदानात गाद्या उन्हाला घालत होत्या. ओळीनं मांडलेल्या पन्नासेक गाद्या आणि त्यांच्या मधोमध त्या एकट्या. मला बघून त्या लगबगीनं आल्या, पदराला हात पुसत. केस बरेच पांढरे झाले होते.

स्टोव्हवर चहा केला. मुलींची नावं सांगितली, कोण गणितात हुशार, कोण रात्री रडते. मी विचारलं, "बरं आहे ना इथे?"

"बरं आहे. मुली चांगल्या आहेत. मोठ्या सुट्टीत जरा शांत होतं, एवढंच."

"भाऊ येतो?"

"त्याला वेळ नसतो. गाव एकच आहे म्हणा, दिसतो." त्यांनी माझ्या बशीत बिस्किटं वाढली. मग एकदम म्हणाल्या, "पाटील, इथल्या मुलाखतीत गंमतच झाली. मी पूर्ण तयारी करून गेले होते. आधीची नोकरी का सोडलीत, याचं उत्तर मी या खेपेला अगदी नीट जुळवलं होतं. खरंही होतं आणि सांगण्यासारखंही होतं. पुष्कळ दिवस लागले मला ते जुळवायला."

"मग?"

"त्यांनी विचारलंच नाही. संस्थेचे एक सर होते, म्हणाले, 'बाई, उद्यापासून येता का?' झाली मुलाखत."

"काय उत्तर जुळवलं होतंत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील. ओठ हललेही. मग त्यांनी कप उचलले.

"राहू दे. आता कशाला."

ऊन उतरायला लागलं होतं. मी निघालो. गाद्या आत घ्यायला मदत करतो म्हटलं, तर त्यांनी करू दिली नाही, "तुमची एसटी चुकेल," म्हणाल्या. गेटपर्यंत आल्या. घरी सगळ्यांना विचारलंय म्हणून सांगा, सुरेखाला सांगा, थळच्या सासूबाईंना सांगा. मी रिक्षात बसलो आणि हात करायला वळलो, तर त्या गेट लावून घेत होत्या. कुलूप गंजलेलं असावं. ते बसेना. दोन्ही हातांनी दाबत, वाकून, त्या त्याच्याशी झटत होत्या. मी "ताई, येतो!" अशी हाक मारली. रिक्षाच्या आवाजात ती त्यांना ऐकू गेली नाही. त्यांनी मान वर केली नाही, आणि रिक्षा वळणावर वळली.